पेटी नको, सैन्य बघा

प्रति,
टेबलटॉप युद्धखेळांच्या स्पर्धा भरवणारे महाराष्ट्रातले सर्व आयोजक आणि परीक्षक

सप्रेम नमस्कार.

हे पत्र सोलापुरातून लिहितोय. इथे आमचा एक लहानसा गट आहे. कुणी कॉलेजात शिकतं, कुणी बँकेत आहे, काहींच्या घरी यंत्रमाग आहेत. रविवारी कुणाच्या तरी घरी दोन टेबलं जोडली जातात आणि वॉरहॅमर ४०,०००चा डाव मांडला जातो. स्पर्धा पुण्याला असली की पहाटेची हुतात्मा, मुंबईला असली की रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरायची आणि मिनिएचरचे, म्हणजे खेळातल्या छोट्या सैनिकांचे, डबे मांडीवर घेऊन यायचं, हे आता आमच्या अंगवळणी पडलंय. तुम्ही पदरमोड करून, सुट्ट्या खर्ची घालून या स्पर्धा भरवता हे आम्ही जवळून बघतो. टेबलं, टेरेन म्हणजे टेबलावरच्या भिंती-टेकड्या, वेळापत्रक, मध्येच उद्भवणारे वाद, सगळा भार तुमच्यावर असतो. त्या कष्टांबद्दल आदर आहे, म्हणूनच जे खुपतंय ते आपसात कुजबुजण्यापेक्षा उघड लिहितोय.

मागणी आधीच सांगून टाकतो. काही स्पर्धांच्या नियमावलीत एक वाक्य असतं, की मिनिएचरचा प्रत्येक भाग मूळ कंपनीचाच हवा. ते वाक्य काढा. त्याच्या जागी असं लिहा की समोरच्या खेळाडूला तुमचं सैन्य बघून ओळखता आलं पाहिजे. आणि ज्यांनी हाताने मिनिएचर घडवली आहेत त्यांचं काम मांडायला स्पर्धेच्या दिवशी वेळ, उजेड आणि हक्काचं टेबल द्या.

ज्यांना हा खेळ माहीत नाही अशा वाचकांसाठी थोडं सांगतो. या खेळातलं सैन्य विकत मिळतं ते सुट्या भागांच्या रूपात. प्लास्टिकच्या चौकटीत हात, डोकी, शस्त्रं अडकवलेली असतात. ती कापायची, जोडायची, रंगवायची आणि मग खेळायचं. एका संचातलं डोकं दुसऱ्याच्या धडावर बसवलं, उभा सैनिक कापून धावता केला, पुट्टीने अंगरखा घडवला की त्याला कन्व्हर्जन म्हणतात. निरनिराळ्या संचांचे भाग जुळवून नवीनच काही केलं की किटबॅश. अडीच-तीन सेंटिमीटरच्या माणसाला स्वतःची ओळख मिळते ती इथे.

कन्व्हर्जन ही या खेळाला मागाहून चिकटलेली हौस नाही. वॉरहॅमर ४०,००० पहिल्यांदा आला १९८७ साली. त्या काळात बाजारात वाहनांचे संच फारसे नव्हते, तेव्हा हा खेळ काढणाऱ्या गेम्स वर्कशॉप कंपनीच्या स्वतःच्या व्हाइट ड्वार्फ मासिकानेच वाचकांना डिओडरंटच्या रिकाम्या डबीपासून हवेत तरंगणारा रणगाडा कसा करायचा ते शिकवलं होतं. आज मोठमोठ्या हॉलमध्ये खेळल्या जाणाऱ्या या खेळाचा जन्म टाकाऊ डब्यांच्या आणि डिंकाच्या संगतीत झालाय. त्याच कंपनीची गोल्डन डेमन ही रंगकामाची स्पर्धाही १९८७चीच. तिच्या सर्वोच्च विजेत्याला स्लेयर स्वोर्ड नावाची खरीखुरी तलवार देतात. कुशल हाताचा मान या खेळात पहिल्यापासून आहे.

मग सगळे भाग कंपनीचेच हवेत, हा आग्रह कुठून आला? गेम्स वर्कशॉप स्वतःच्या स्पर्धांमध्ये तो नियम लावते. थ्रीडी प्रिंट किंवा इतरांचे भाग तिथे चालत नाहीत. तो त्यांचा धंदा आहे, त्यांच्या छपराखाली त्यांचा नियम असणार, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण तुम्ही स्वतंत्र आयोजक आहात. तुमचा नियम तुम्ही ठरवता. दुकानदाराची अट खेळाडूंच्या मेळाव्याने जशीच्या तशी का उचलावी?

एका स्पर्धेतली गोष्ट सांगतो. कुठली ते सांगत नाही, कारण बोट कुणाकडे दाखवायचं नाहीये. आमच्यातल्या एका मुलाने निशाणधारी सैनिक घडवला होता. पितळी नळीची लांब काठी, तिच्यावर पुट्टीचे पेर, वर कापडासारखी वळलेली पातळ शिशाची पट्टी. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज बघत तो लहानाचा मोठा झालाय. पांढऱ्या बाराबंदीतला माणूस कमरेच्या पट्ट्यावर ती उंच काठी तोलून धरतो, तेव्हा त्याची पाठ कशी ताठते आणि पावलं कशी पडतात, हे त्याच्या डोळ्यांत बसलेलं आहे. त्याने नंदीध्वजाची नक्कल केली नाही, तसं त्याला करायचंही नव्हतं. पण तोल सांभाळणाऱ्या माणसाची ती ठेवण त्या इवल्या सैनिकात उतरली होती. पहिल्या फेरीआधीच परीक्षकांनी ते मिनिएचर टेबलावरून उतरवायला लावलं. कारण एकच दिलं, काठी कंपनीची नाही.

आता नियमाने बघू. ४०,०००च्या २०२३ साली आलेल्या दहाव्या आवृत्तीत समोरच्या मिनिएचरचा कुठलाही भाग दिसला तरी ते दिसतं असं धरतात. लांब काठी भिंतीवरून डोकावली तर ती घेऊन उभा असलेला समोरच्याला दिसतो. त्याच्यावर गोळी चालणार, आणि काठीच्या टोकावरून दिसतं तिथे त्यालाही गोळी चालवता येणार. समोरच्या खेळाडूची तक्रार नव्हती, उलट तो फोटो काढत होता. परीक्षक म्हणाले असते, ‘काठी फार उंच आहे, दिसण्यावरून वाद होतील, आपण मूळ उंचीपुरतंच धरू’, तर ते रास्त होतं आणि त्या मुलाने ते मान्यही केलं असतं. पण तो प्रश्न कुणी विचारलाच नाही. विचारलं गेलं ते फक्त भाग कुठून आला. खेळावर परिणाम करणारी गोष्ट नजरेतून सुटली आणि न करणारी पकडली गेली, हे मला त्या दिवसापासून डाचतंय.

मॉडेलिंग फॉर ॲडव्हान्टेज म्हणजे फायद्यासाठी आकार बदलणं, ही खरी लबाडी आहे आणि तिच्याबाबत तुम्ही कितीही कडक झालात तरी आम्ही तुमच्या बाजूने आहोत. मोठा राक्षस जमिनीवर आडवा झोपवायचा म्हणजे तो भिंतीआड लपतो. अंतर बेसपासून, म्हणजे मिनिएचरच्या पायाखालच्या चकतीपासून, मोजतात, म्हणून सोयीप्रमाणे बेस लहान-मोठा करायचा. साधी बंदूक हातात दिसते आणि सैन्याच्या यादीत मात्र मेल्टा ही जबर बंदूक लिहिलेली असते. हे सगळं पूर्णपणे कंपनीचेच भाग वापरूनही करता येतं. म्हणजे भागांच्या मालकीवर लावलेला नियम लबाडाला अडवत नाही, अडवतो तो कारागिराला.

नियम कसा असावा, याचं आमच्या गटात चालणारं रूप सांगतो. बेस मूळ मापाचा, त्यात तडजोड नाही: स्पेस मरीन या सैनिकाला ३२ मिलिमीटर, जाड चिलखतातल्या टर्मिनेटरला ४०. उंची आणि रुंदी मूळ मिनिएचरच्या जवळपास. शंका आली तर परीक्षकांकडे मूळ मिनिएचर किंवा त्याच्या आकाराचा पुठ्ठ्याचा छाट असावा, तो शेजारी ठेवायचा आणि दिसण्याचा निर्णय त्यावरून करायचा. शस्त्र दिसेल तेच धरायचं. प्लाझ्मा बंदुकीच्या नळीवरची वेटोळी आणि मेल्टाचं भोकांचं तोंड दोन हातांवरून ओळखू आलं पाहिजे, मग ती नळी कंपनीची असो की रिकाम्या रिफिलची. एका सैन्यात एका आकाराचा अर्थ एकच. निळ्या ढालीचा सैनिक इथे एक आणि तिथे दुसराच, असं चालणार नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे हा निवाडा स्पर्धेच्या सकाळी करू नका. आठवडाभर आधी फोटो मागवा, दोन दिवसांत हो की नाही ते लेखी कळवा, आणि ते उत्तर त्या दिवशीच्या परीक्षकांवर बंधनकारक ठेवा. अडीचशे किलोमीटर लांबून येणाऱ्याला घरून निघण्याआधी उत्तर मिळायला हवं.

काही आयोजक म्हणतात, एवढे फोटो बघायला माणसं कुठून आणायची? फोटो फक्त कन्व्हर्जन केलेल्यांचे मागवायचेत. आमच्यातले अनुभवी खेळाडू ते काम फुकट करतील, दुसऱ्या शहरांतलेही करतील. विचारून बघा.

आता पैशांबद्दल. परदेशातून येणारी एक पेटी काही हजारांत जाते आणि पूर्ण सैन्याला अशा कित्येक पेट्या लागतात. कन्व्हर्जन म्हणजे स्वस्तातला पर्याय, असं मात्र समजू नका. त्यात वेळ जातो, आणि कारागिराचा वेळ काय मोलाचा असतो हे विणकरांच्या शहरात कुणाला सांगावं लागत नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. आमच्या शहरात या कामाला लागणारी सामग्री आणि त्याहून जास्त म्हणजे हात, दोन्ही गल्लोगल्ली आहेत. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागाच्या मोडक्या भागांचा ढीग निघतो. जुन्या फणीच्या पोलादी पट्ट्या पातळ, सरळ आणि चिवट असतात. त्यांची तलवार होते, कुंपण होतं, यंत्राच्या पाठीवरची जाळी होते. फुटक्या कांड्यांची धुराडी होतात. झिजलेल्या दातेरी चक्रांना तर ऑर्कच्या सैन्यात जन्मजात जागा आहे, कारण ऑर्क हे भंगारातून यंत्रं उभारणारेच लोक आहेत. आमच्यातल्या एकाने वडिलांच्या बंद पडलेल्या मागाचे बारीक भाग जमवून ऑर्कचं एक मोठं चालतं यंत्र केलंय. त्याच्या खांद्यावर जॅकार्डचं फाटकं पंच कार्ड चिलखतासारखं बसवलंय. भोकांच्या त्या रांगा एकेकाळी चादरीवर मोर उमटवत होत्या. हे काम तुम्ही बघावं, हातात घेऊन बघावं, अशी माझी फार इच्छा आहे.

हत्यारं मिळतात ती सराफांची आणि घड्याळजींची. एक मिलिमीटरचं भोक पाडायचं, त्यात पितळी तार घालायची आणि मग हात जोडायचा, याला पिनिंग म्हणतात. ते करायचा हातड्रिल आणि बारीक करवत इथे सोनारांचं सामान विकणाऱ्याकडे मिळते. प्लास्टिकला प्लास्टिक जोडताना प्लास्टिक सिमेंट नावाचा गोंद वापरावा, तो दोन्ही कडा वितळवून एकजीव करतो. धातूला आणि रेझिनला मात्र त्याचा उपयोग नाही, तिथे सुपरग्लू आणि आत पिन. पुट्टीचं म्हणाल तर निळी-पिवळी ग्रीन स्टफ मऊ वळणांना उत्तम, वाळल्यावरही किंचित लवचीक राहते. कापडाच्या घड्या, केस, पट्टे त्यातच करावेत. एम-सील वाळल्यावर टणक होतं आणि घासून धारदार कडा काढता येतात, म्हणून चिलखत आणि दगड त्याचे. दोन्ही समसमान मिसळून वापरणारेही आमच्यात आहेत. चेहऱ्याचं काम आम्ही गणपतीच्या कारखान्यात शिकलो. डोळ्यांची आखणी करणारे कारागीर श्वास रोखून, करंगळी टेकवून एका ओढीत रेघ काढतात. अडीच सेंटिमीटरच्या सैनिकाच्या डोळ्याला तीच युक्ती लागते.

बेससाठी आम्ही शेतातली काळी माती वापरतो, चाळून, तव्यावर भाजून. उन्हाळ्यात रानाला पडतात तशा भेगा क्रॅकल पेस्टने येतात, वर केरसुणीच्या काड्यांचे ज्वारीसारखे धसकट. परग्रहावरच्या लढाईला मंगळवेढ्याची जमीन मिळते आणि शोभते.

हवामानाचा प्रश्न तुमच्या लक्षात यावा म्हणून एक गोष्ट मध्येच सांगतो. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो. स्प्रेचा प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा थर, मिनिएचरपर्यंत पोचायच्या आत हवेतच वाळतो आणि पृष्ठभाग वाळू टाकल्यासारखा खरखरीत होतो. ॲक्रिलिक रंग ब्रशवरच आटतो. रेझिनचे बारीक भाले वाकतात, ते गरम पाण्यात धरून सरळ करावे लागतात. म्हणून आम्ही प्रायमर पहाटे मारतो आणि ओल्या पॅलेटवर काम करतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात स्पर्धा ठेवलीत तर आमच्याकडच्या सैन्याला रंग देण्याचे सगळ्यांत वाईट दोन महिने तेवढे आमच्या वाट्याला येतात. रंगवलेल्या सैन्याला १०० पैकी १० गुण मिळतात, ते तारखेवरून हुकायला नकोत. थोडं मागे-पुढे करता आलं तर बघा.

एका बाबतीत आम्हालाही सवलत नको. मूळ मिनिएचरचा साचा काढून त्याच्या चोरट्या प्रती ओतायच्या आणि विकायच्या, याला रीकास्ट म्हणतात. ती चोरी आहे. घडवणाऱ्याच्या मेहनतीचा मान राखा असं म्हणणाऱ्याने मूळ शिल्पकाराची मेहनत चोरलेली चालवून घेऊ नये. रीकास्टला बंदी घाला, आम्ही पाठिंबा देऊ. थ्रीडी प्रिंटबद्दल आमच्यातही दोन मतं आहेत. माझं मत असं, की रचनाकाराकडून रीतसर घेतलेली फाइल किंवा स्वतः केलेली रचना चालावी, कुणाच्या मिनिएचरची स्कॅन केलेली प्रत चालू नये. पण यावर तुम्ही वेगळं ठरवलंत तरी माझी मूळ मागणी तशीच राहते. स्वतःच्या हाताने कापलेला, वळवलेला, घडवलेला भाग नकलेच्या खात्यात टाकू नका.

राहिला प्रदर्शनाचा मुद्दा, आणि मला तो सगळ्यांत जवळचा आहे. आता काय होतं? दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत खेळाडूंनी आपापलं सैन्य टेबलावर मांडायचं, परीक्षक फेरी मारतात, छताच्या पिवळ्या दिव्याखाली प्रत्येकासमोर काही क्षण थांबतात आणि चिठ्ठीवर आकडा लिहितात. निम्मे खेळाडू तेव्हा वडापावच्या रांगेत असतात. त्या क्षणांत नजर पडते ती चकचकीत रंगावर. कापलेला गुडघा, वळवलेली कंबर, नव्याने घडवलेला हात, हे तर चांगलं साधलं असेल तर दिसतच नाही. उत्तम कन्व्हर्जनची खूणच ती, की भाग कुठे जोडलाय ते कळत नाही. म्हणजे जो जितका चांगला घडवतो, तितका तो परीक्षकाच्या नजरेतून निसटतो. रंगाच्या गुणांत कन्व्हर्जन मोजायचं, ही पद्धत म्हणूनच चुकीची आहे. वेगळा गट करा.

परीक्षण कसं करावं, याचा धडा आपल्याकडे आहेच. दिवाळीत किल्ल्यांच्या स्पर्धा होतात. परीक्षक घरोघर, वाड्यावाड्यांत फिरतात. किल्ल्याशेजारी तो बांधणारी पोरं हाताला माती लागलेल्या अवस्थेत उभी असतात. परीक्षक विचारतात, हा बुरूज इथे का घेतला, पाण्याची टाकी कुठे, चोरदरवाजा कुणीकडे, मावळे इथेच का ठेवले? जे पोर सांगू शकतं त्याचा किल्ला लहान असला तरी नंबर येतो. विकतचा तयार किल्ला आणून ठेवला की पहिल्याच प्रश्नाला उघडं पडतं. आपल्यातल्या बहुतेकांनी लहानपणी मावळे मांडले आहेत, तुटलेल्या मावळ्याला काडीचा भाला दिलाय. ही परीक्षणाची रीत आपल्या घरची आहे. तीच आणा. घडवणारा आपल्या कामाशेजारी उभा राहू दे. त्याला पाच मिनिटं बोलू दे. काम चालू असतानाचे फोटो दाखवू दे, म्हणजे रंग देण्याआधीची पुट्टी आणि कापाच्या जागा दिसतील आणि काम त्याचंच आहे की नाही हाही प्रश्न तिथेच मिटेल.

बाकीचं फार खर्चाचं नाही. खेळ संपल्यावर किंवा आदल्या संध्याकाळी एक पूर्ण तास द्या, जेव्हा कुणाचा डाव चालू नसेल. टेबल डोळ्यांच्या उंचीला येईल असं काही खाली ठेवा, कारण मिनिएचर वरून बघितलं की फक्त डोकी दिसतात. पांढऱ्या उजेडाचे दोन दिवे दोन बाजूंनी, मागे करडा कागद. एक भिंग. ‘हात लावण्याआधी विचारा’ अशी पाटी. खेळाडूंचं मतदान घ्या, पण त्याचं बक्षीस परीक्षकांच्या बक्षिसापेक्षा वेगळं ठेवा, नाहीतर मोठ्या शहरातून मित्रांसह आलेला जिंकतो आणि एकटा आलेला मागे राहतो. बक्षीस रोख नसलं तरी चालेल. गोल्डन डेमनमध्ये मोठ्या कन्व्हर्जनसाठी आणि स्वतः घडवलेल्या कामासाठी ओपन नावाचा गट असतो. आपल्याकडे निदान एक टेबल तरी असावं.

यातून खेळाच्या स्पर्धेचं काही बिघडणार नाही. ज्याला फक्त जिंकायचंय त्याने पेटीतलं सैन्य जसंच्या तसं जोडून यावं, त्याचा मान तोच. पण सांगली, लातूर, नांदेड, सोलापूर अशा गावांतून नवीन मुलं यायची तर ती आपापल्या हातात जे आहे ते घेऊन येतील. त्यांना दारातच ‘भाग कुठला?’ असं विचारलं तर ती पुन्हा येणार नाहीत. तो निशाणधारी घडवणारा मुलगा त्यानंतर स्पर्धेला आलेला नाही. काम मात्र त्याने सोडलेलं नाही, सध्या तो एक संपूर्ण तुकडी घडवतोय.

आमच्याकडून काय मिळेल तेही सांगतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर, थंडी पडल्यावर, सोलापुरात एक दिवसाची स्पर्धा आणि प्रदर्शन भरवायला आम्ही तयार आहोत. हॉल आम्ही बघू. टेरेन आमचं. बाहेरगावच्या खेळाडूंची झोपायची सोय घरांमध्ये करू, जेवायला कडक भाकरी आणि शेंगा चटणी मिळेल. परीक्षक तुमचे असावेत, म्हणजे आम्ही आपल्याच माणसांना झुकतं माप दिलं असं कुणी म्हणणार नाही. कन्व्हर्जनच्या नियमाचा मसुदा आम्ही मराठीत तयार केलाय, त्यात बेसची मापं, उंचीचा छाट, फोटो पाठवायची मुदत आणि रीकास्टबंदी हे सगळं आहे. तुम्ही म्हणाल तिथे तो बदलू. पुढच्या स्पर्धेची नियमावली जाहीर करण्याआधी तेवढा एकदा वाचून उत्तर द्या.

आपला,
सोलापुरातला एक मिनिएचर घडवणारा खेळाडू